टोपातलं लिंबू

बाई, यादीतली तिसरी वस्तू बदलायची तर तुमच्या पद्धतीत कॉम्प्युटरच्या मेमरीचे पहिल्यापासून तिसरीपर्यंतचे तीन नवे खण लागायचे, बस. त्यापुढचे खण जुनेच, नव्या यादीलाही तेच आणि जुन्या यादीलाही तेच. भरलेल्या खणात खाडाखोड म्हणून करायची नाही. मला ते तीन खणसुद्धा उधळपट्टी वाटायचे. घाटकोपरच्या चाळीत आमचं अख्खं बिऱ्हाड एका खोलीत. जागा वाया गेलेली मला बघवत नसे.

साकीनाक्याच्या त्या पंपांच्या कारखान्यात मी मशीनला भोकांची कार्डं लावणारा ऑपरेटर, आणि मला प्रोग्रॅम लिहायला बसवलंत तुम्ही. माझे कान तिखट. मशीनच्या स्पीकरमधला सूर बदलला की मी न बघता सांगायचो, मेमरी भरली, आता काम थांबवून टाकाऊ खणांची झाडलोट चाललीय. तुम्ही हसायचात, म्हणायचात, याला डॉक्टर करायला हवा होता.

तुमच्या अंधेरीच्या घरी जेवायला बोलावलंत तो रविवार अजून दिसतो. ओट्यावर माशाच्या कालवणाचा टोप आहे, आणि मी आपलेपणानं पुढे होऊन त्यात अख्खं लिंबू पिळतोय. तुमच्या आईला आंबट चालत नाही हे मला काय माहीत. "आपल्या ताटात पिळ रे. टोप सगळ्यांचा आहे," तुम्ही म्हणालात, नि आईसाठी अंडं तळायला घेतलंत.

मग ते पंपांचं काम आलं. लहान आणि मोठ्या पंपाच्या सुट्या भागांच्या याद्या, दोन्हींची शेपटाकडची बाजू एकच, मेमरीत एकदाच ठेवलेली. लहान पंपाचा त्या शेपटातला वायसर बदलायचा होता. मी नवा खण न घेता जुन्यातच नवा वायसर लिहिला. झाडलोट झालीच नाही. तुम्हाला न दाखवता साहेबांना जाऊन सांगितलं, बाईंची पद्धत जागा खाते, मी अर्ध्या जागेत बसवतो. साहेब खूश. आणि मोठ्या पंपाच्या यादीतही तोच लहान वायसर छापून आला. तुम्ही कागद पाहिलात, मग माझ्याकडे पाहिलंत. "टोपात पिळलंस ना?" एवढंच.

मी घाईघाईनं दुरुस्ती केली: हात लावण्याआधी प्रत्येक पंपाची अख्खी यादी नव्यानं उतरवून घ्यायची, मग तिच्यात हवी तशी खाडाखोड. यादी बरोबर छापून आली. साहेबांना तेवढंच हवं होतं. जागेचं ते पुन्हा विचारणार नव्हते. मशीनवरचा तुमचा वेळ मला मिळाला, तुम्हाला पगारपत्रकांवर बसवलं. तुम्ही माझं गाऱ्हाणं नेलं नाहीत. मीही तोंड उघडलं नाही.

पुढे माझी स्वतःची कंपनी झाली. नव्या पोरांना हौसेनं सांगत आलो, बाईंच्या निम्म्या मेमरीत काम करून दाखवलं होतं मी. तुमच्या दफनाला आलो तेव्हाही फाटकाबाहेर कुणाला तरी तेच सांगितलं. आज हे लिहितोय, ते टाकायला टपालपेटी नाही म्हणूनच जमतंय. दुरुस्तीनंतर मेमरी भरून झाडलोटीचा सूर तुमच्या प्रोग्रॅमपेक्षा लवकर लागायचा. पहिल्याच दिवशी मी तो ऐकला, आणि स्पीकरचा आवाज बारीक केला.