हेलनची बिस्किटं

ॲन आर्बर, रविवार, १२ फेब्रुवारी १९८४

आज शेजारच्या हेलनपुढे मान वर करवेना. गेल्या आठवड्यात तिने तिच्या ऑस्ट्रेलियातली ओट्स-खोबऱ्याची बिस्किटं डबाभर दिली होती. त्यात अंडं असणारच, असं धरून मी ती न चाखताच कचऱ्यात टाकली. नुसतं विचारायला काय झालं होतं मला? वर डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून बेसनाचे लाडू भरून दिले आणि तिच्या बिस्किटांना ‘व्हेरी टेस्टी’ म्हणाले.

आज ती म्हणाली, “तू अंडं खात नाहीस ना, म्हणून मुद्दाम हीच केली. माझ्या आईची रेसिपी. यात अंडं नसतंच.”

आणि तोच डबा पुन्हा भरून दिला. आत्ता एक खाल्लं. खरंच टेस्टी आहे. पण ते तर मी तिला आधीच सांगून बसलेय, खोटं.