तिसरा मोजा

१ सप्टेंबर
ठरलं. एमबीए. पूर्णवेळ, दोन वर्षं, तेही सोलला. बूसानच्या एका मोज्यांच्या कंपनीत सडायला बांग सांग-ग्यू जन्माला आलेला नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. इतरांना अजून कळायचंय. वय एकेचाळीस. डोकं एकदम ताजं.

अडचण एकच. शिफारसपत्र प्यो साहेबांकडून घ्यावं लागणार. साहेब विक्री विभागाचे प्रमुख, पण विभाग म्हणजे खरं तर मी. ते कसले सोडतायत! आपला उजवा हात कोण कापून देतो?

४ सप्टेंबर
साहेबांना सांगितलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "देतो" म्हणाले. मग उठून केबिनचं दार लावलं आणि हळूच विचारलं, "दोन वर्षं? नक्की ना? मधेच परत यावं लागणार नाही ना?" मी म्हणालो, अभ्यासक्रम फार कडक असतो, साहेब, मधे येणं शक्यच नाही. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. इतकी वर्षं या माणसाला मी कोरडा समजत होतो.

तरी मन जरा खट्टू झालं. 'जाऊ नकोस' असं एकदा तरी म्हणायला हवं होतं. म्हणाले असते तर मी ऐकणार नव्हतोच, पण म्हणायला काय जात होतं?

घरी बायकोला, मि-रानला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग जा की!" आणि टेप घेऊन माझ्या खोलीची मापं घ्यायला लागली. दुःख गिळायची प्रत्येकाची रीत वेगळी.

९ सप्टेंबर
अर्ज भरतोय. 'तुम्ही नेतृत्व केल्याचा एक प्रसंग लिहा.' एकच?

शेवटी तीन मोज्यांचा जोड निवडला. प्रत्येक घरात एक मोजा हरवतोच. मग जोड दोनाचा कशाला? तिसरा जास्तीचा द्यावा. कल्पना संपूर्ण माझी. साहेबांना विचारत बसलो असतो तर वर्ष गेलं असतं, म्हणून ते रजेवर गेल्यावर कारखान्याला परस्पर ऑर्डर देऊन टाकली. गिऱ्हाइकांना वाटलं, पाकिटात चुकून एक जास्त आला. बऱ्याच जणांनी तिसरा मोजा पोस्टाने परत पाठवला. बाजार अजून तयार नव्हता. माल गोदामात आहे.

अर्जात लिहिलं: 'मी असं उत्पादन आणलं, की ग्राहक स्वतःच्या खर्चाने कंपनीशी पत्रव्यवहार करू लागले.' गोदामाचं लिहिलं नाही. शब्दमर्यादा होती.

१५ सप्टेंबर
व्हिडिओ पाठवायचा. एका मिनिटात स्वतःची ओळख. माझी ओळख, एका मिनिटात! पहिल्या खेपेला मिनिट संपलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. दुसऱ्या खेपेला लष्करी सेवेपर्यंत पोचलो. मग वेग वाढवला. मि-रान बघून म्हणाली, "कुत्रा मागे लागल्यासारखं काय बोलताय?"

संध्याकाळी चांगला जमला. पण फोनने दगा दिला. भलताच व्हिडिओ गेला, ज्यात मी अर्ध्यावर वळून "अगं, आधी तो व्हॅक्यूम बंद कर!" असा ओरडतो. वेबसाइट म्हणते, एकदा पाठवला की बदलता येत नाही. आधी हादरलो. मग नीट पाहिला. हुकमत दिसते त्यात. व्हॅक्यूम खरंच बंद होतो.

६ ऑक्टोबर, छुसक
सणाला सासुरवाडीला. सासऱ्यांनी मला नवी सुटकेस दिली. म्हणाले, "दुकानात होती त्यातली सगळ्यात मोठी उचलली. दोन वर्षांचं सगळं मावेल." लग्न झाल्यापासून या माणसाने मला माशाचा मधला तुकडा वाढलेला नाही, आज वाढला. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तिथून सणावाराला उगाच दगदग करत येऊ नका हो." किती ती काळजी!

मुलाखतीचं बोलावणं आलं. येणारच होतं. साहेबांनी न मागता तयारीसाठी रजा मंजूर केली. मी एक आठवडा मागणार होतो, त्यांनी तीन दिले.

१७ ऑक्टोबर
आज निरोप समारंभ. मी म्हणालो, साहेब, मुलाखत अजून व्हायचीय. ते म्हणाले, "तू गेलासच असं धर, बांग!" बंदराजवळ भाजलेला ईल मासा, सोजू, पुन्हा सोजू. मला काचेचं सन्मानचिन्ह. साहेबांचं भाषण झालं. "आमचं नुकसान हाच सोलचा फायदा," एवढं म्हणून त्यांना हसू आवरेना. सोजू चढली असणार. मग सगळा विभाग एकमेकांच्या गळ्यात हात टाकून गायला. हिशेब बघणारी कु बाई वर्षभरात माझ्याशी धड बोलली नव्हती, तिने स्वतः माझा पेला भरला.

घरी येताना जरा चुकचुकल्यासारखं झालं. निरोपाला माणसांनी इतकं खूश असू नये.

२५ ऑक्टोबर
मुलाखत. जिंकलो.

पहाटेच्या गाडीने सोल गाठलं. तिघं परीक्षक, मधे ह्योन नावाच्या प्राध्यापक बाई. त्यांनी विचारलं, "तुमचं एखादं अपयश सांगा." मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे सांगणार नाही, की झालंच नाही?" मी म्हणालो, दुसरं. त्यांनी फारच आग्रह केला म्हणून प्यो साहेबांची तीन-चार अपयशं सांगितली, सविस्तर.

मग तिसऱ्या मोज्यावर आलो. तिघांना एकेक पाकीट भेट दिलं. बाईंनी विचारलं, "पण तिसराही हरवला तर?" मी म्हणालो, तर आणखी तीन घ्या, हाच तर धंदा आहे! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. विचार पोचायला वेळ लागतो. मग मोजा पायात कसा बसतो ते दाखवायला बूट काढला. बाई वाकून म्हणाल्या, "हे तर तुमच्या कंपनीचे दिसत नाहीत." मी खरं तेच सांगितलं. आमचे लवकर विरतात.

तिघांनीही लगेच लिहून घेतलं. मी बोलतो तेव्हा लोक लिहून घेतात, हे मला आधीपासून ठाऊक आहे.

निघताना बाई म्हणाल्या, "बांग साहेब, आजचा दिवस मी विसरणार नाही." झालं. आणखी काय हवं?

७ नोव्हेंबर
नाही म्हणाले.

दोन ओळींचा ईमेल. 'यंदा उत्तम अर्ज फार आले.' तेच तर म्हणतोय मी, त्यातलाच एक माझा होता! तीन वेळा वाचला. मग मि-रानला वाचायला दिला, न जाणो मी काही चुकीचं वाचत असेन. ती खाली बसली. म्हणाली, "आता?"

माझी मुलाखत उत्तम झाली होती. म्हणजे घात दुसरीकडे झाला. कुठे ते उघड आहे. शिफारसपत्र! वरून डोळे पुसायचे आणि पाठीमागून सुरी! प्यो साहेबांना मला सोडायचंच नव्हतं. मी त्यांना बापाच्या जागी मानत होतो (वयात सहा वर्षांचाच फरक आहे, तरी).

१० नोव्हेंबर
ऑफिसला गेलो. माझं टेबल दिसेना. त्या जागी मोज्यांच्या नमुन्यांचा रॅक. टेबल कुठंय म्हणून विचारलं, तर कु बाई म्हणाली, "तुम्ही?" आणि हातातला चहा तसाच ठेवून गेली.

तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. म्हटलं, "साहेब, तुम्ही माझ्याशी असं करायला नको होतं. काय लिहिलंत पत्रात?"

साहेब लाल झाले. म्हणाले, "काय लिहिलं? अरे, वीस वर्षं चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो मी! कधी खोटं लिहिलं नाही. तुझ्यासाठी दोन पानं लिहिलं! तू दूरदर्शी, तू नम्र... नम्र म्हणून लिहिलंय, बांग! तू तिथं जाऊन बोललास तरी काय?"

मी सगळं सांगितलं. त्यांची अपयशं तेवढी वगळली. मोजे विरण्यापाशी आलो तेव्हा साहेबांनी डोकं टेबलावर टेकलं. तसेच बोलले, "तू तीन आठवडे नव्हतास. दोन वर्षांत पहिल्यांदा विभागाचं टार्गेट पुरं झालं. दुपारी सगळे एकत्र जेवायला लागले, रे. दोन वर्षं, फक्त दोन वर्षं मागत होतो मी."

मी उभाच. ते रागावले असते तर भांडलो असतो. पण माणूस विनवत होता.

म्हणालो, "साहेब, मग बसू कुठं?"

"बघतो," म्हणाले. डोकं वर केलं नाही.

१५ नोव्हेंबर
कोपऱ्यात, पाण्याच्या मशीनशेजारी जागा मिळाली आहे. खुर्ची बरी आहे. लोक पाणी प्यायला येतात आणि मला बघून कमी पितात.

घरी किमचीची तयारी. मि-रान जमिनीवर बसून लसूण सोलत होती. आठवडाभर विचारायचं टाळत होतो, आज विचारलं, "तुलाही मी जायला हवा होतो का?"

ती म्हणाली, "हो."

सासऱ्यांचं समजू शकतो. साहेबांचंही, ते परके. पण ही? सोळा वर्षं एका ताटलीतून खातो आम्ही. मी काहीतरी कडक बोलणार होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "अहो, माझ्या ताईचा नवरा जहाजावर असतो. तो गेला की ती त्याच्या आठवणीने रडते. त्याचा शर्ट घालून झोपते. फोन आला की धावत सुटते. तुम्ही कधी कुठे गेलाच नाहीत. मला बघायचं होतं, मला तुमची आठवण येते का."

मी विचारलं, "आणि मुलाखतीला सोलला गेलो होतो, तेव्हा? पहाटेपासून अख्खा दिवस नव्हतो."

तिने हातातली पाकळी सोलून भांड्यात टाकली. खरोखर आठवून बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही संध्याकाळी येणार, हे माहीत होतं ना. मग कशी येईल?"

उरलेला लसूण मी सोलला.