भगदाडाला हात लावू नका

तेरेखोल नदीकाठ, पेडणे
२३ ऑक्टोबर २०१७

चि. विनायक यास,
आक्काचे आशीर्वाद. शेजारचा बाबली पुण्याला येतोय, त्याच्या हाती पत्र देतेय. तुझी भाची सायली परीक्षेत बरी निघाली. दिवाळीला पोहे केले, पण घरच्या नव्या भाताचे नव्हे, विकतचे. विहीर खारट झालीय, डाळ शिजता शिजत नाही.

येत्या रविवारी तुझी मंडळी देवळाच्या मंडपात अहवाल सांगायला येणार म्हणे. समुद्रवाले, मातीवाले, शेतीवाले, माणसांना प्रश्न विचारणारे, सगळे एकत्र. समुद्र चढला तर गावानं कसं तगायचं ते शिकवणार. तूही असशीलच. म्हणून लिहितेय. त्या मंडपात तू खरं बोलायचंस.

बाबांचं विचारशील. ते मागाहून.

चतुर्थीनंतर शेतात खारं पाणी येऊ न देणाऱ्या आपल्या बांधाला हातभर भगदाड पडलं. रीत तुला मी काय सांगू? खाडीच्या पाण्याची दारं बाबा सांभाळायचे, म्हणून साद त्यांनी घालायची, आणि पुढच्याच ओहोटीला घरटी एक माणूस फावडं नि पेंढा घेऊन हजर. बाबांनी जन्मभर साद घातली. ह्या वेळी आधी तुला विचारलं, मुलगा शिकलेला ना!

तू म्हणालास, "बाबा, हात लावू नका. मातीवाल्यांनी बघितलं, समुद्रवाल्यांनी यंत्र लावलं, पण प्रश्नवाले दिल्लीहून यायचेत. सगळ्यांनी एकच भगदाड बघायला हवं, नाहीतर एकत्र कामाला अर्थ काय?" मी तिथंच उभी होते, सगळं ऐकलं. बाबा नुसते "बरें" म्हणाले.

पुनवेच्या भरतीनं बांध बैलगाडी जाईल एवढा फुटला. दाणा भरत आलेलं कोरगूट, खारं पाणी सोसणारं भात ते, तेही करपलं. अख्ख्या वाड्याचं, एकूणएक घराचं. प्रश्नवाले त्यानंतर उगवले आणि फोटो काढून गेले. मेले!

गावानं विचारलं, दत्ताराम, साद का नाही घातलीस? बाबा म्हणाले, "माका दिसूंक ना." बांधावरचं खेकड्याचं बीळ लांबून दिसायचं त्यांना, आणि भगदाड दिसलं नाही! कोणाला पटणार? म्हातारा विकला गेला, असं लोक बोलू लागले. मी तोंड उघडायला गेले तर माझ्यावरच डोळे वटारले. "पोराचें नांव काडूं नाका. ताका गांवांत येवंक जाय." तुला गावात येता यायला हवं, एवढंच त्यांना.

मग वाड्यावर त्यांच्याशी कोणी बोलेना. चहाच्या दुकानात गेले की बाकडं रिकामं व्हायचं. ते घरीच बसू लागले, मग जेवण सुटलं. मी हातापाया पडले, रागावले, काही उपयोग नाही.

परवा सकाळी ते गेले, विनायक.

तुला फोन केला नाही. तू रडला असतास आणि मी तुझी समजूत घालत बसले असते. ते मला नको होतं. खांद्याला तिघेच आले, बाबली, त्याचा भाऊ नि सगुण. चौथा खांदा माझा. अग्नीही मीच दिला.

बाबा होते तोवर त्यांच्या शब्दाखातर गप्प राहिले. आता राहणार नाही. रविवारी तू उठून सांगितलंस, तर बाराव्याला वाड्यावरची माणसं आपल्या दारात येतील. नाही सांगितलंस, तर मी सांगेन, आणि मग तुला ह्या घराची पायरी चढू देणार नाही.

दत्तारामाची मुलगी,
शेवंती