किटलीचं साल

द्वारका, दिल्ली, मंगळवार

प्रिय श्रीपाद,

दोन वर्षांनी ताईचं अक्षर बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहोत, म्हणजे दिसायला तरी. फोन केला असता, पण हे सारखे माझ्या मागे मागे असतात आणि हा विषय त्यांच्यादेखत काढता येत नाही. आत्ता ते आंघोळीला गेलेत, तेवढ्यात लिहिते आहे.

ती चीनची, बिनझिलईची मातीची किटली फुटली. तीच, जिच्यावरून तू आणि हे भाऊबीजेच्या ओवाळणीच्या पाटावर भांडलात. खरं सांगू? मला काहीच वाटलं नाही. तुकडे गोळा केले, ओटा पुसला, कुकर लावला. मग तीन शिट्ट्या मोजत उभी राहिले. हल्ली माझं असंच झालंय, हातपाय चालतात आणि आत कोणी नसतं.

ह्यांनी ती करोल बागेतल्या एका जुन्यापान्या सामानाच्या दुकानातून आणली, तेव्हा निवृत्तीला जेमतेम महिना झाला होता. घरात माणूस रिकामा, म्हणून मलाही बरंच वाटलं. भिंग काय, वही काय, मोबाइलवर तळाचा शिक्का वाचणं काय! तोटीच्या मुळाशी आत एकच भोक आहे, म्हणजे ही जुनी, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मला पाठ झालं. नंतरच्या किटल्यांना म्हणे बरीच भोकं असतात, त्याही नंतरच्यांना आत चेंडूसारखी जाळी. शेवटी वहीत लिहिलं, साल एकोणीसशे साठच्या आसपास. त्या दिवशी खाली जाऊन जिलबी घेऊन आले होते. आणि ओट्यावर बाईसाठी हिंदीत कागद चिकटवला, ‘साबुन मना है, गैस पर रखना सख्त मना है.’

मग तू आलास. तू मातीत हात घालणारा, पुण्यात कुंभारकामाचे वर्ग घेणारा, तुला गप्प बसवेना. हा काळेपणा चहाचा नाही, वरून चोपडलाय, भोक काय कोणीही एकच पाडेल, पद्माकररावांना चक्क गंडवलंय, हे सगळं तू शेजाऱ्यांसमोर हसत हसत म्हणालास. ह्यांनी तुला परत या घरात येऊ नकोस म्हटलं. मी हातात निरांजन घेऊन उभी होते. दोघांपैकी एकालाही माझ्याकडे बघायचं सुचलं नाही. तेव्हा मला फार राग आला होता, तुझा जास्त.

गेल्या महिन्यात सकाळी मी देवाजवळ बसले होते आणि बूट पॉलिशचा वास आला. वाटलं, हे कुठे निघाले बुवा बूट चमकवून? मग तडकल्याचा आवाज झाला. जाऊन बघते तर गॅस मोठा, त्यावर किटली, आत दूध, साखर, किसलेलं आलं. समोर तो कागद तसाच. हे शांतपणे उभे. मला म्हणाले, कोणी फोडली गं ही? बाई त्या दिवशी आलीच नव्हती, तरी तिच्या नावानं अर्धा तास ओरडत राहिले.

शिवांगीनं रजा टाकली आणि आपल्या बाबांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, अंकलजी, कौन सा साल चल रहा है? हे म्हणाले, छियानवे. किटलीचं सांगायचे तितक्याच ठामपणे. शहाण्णव साली आम्ही पुणं सोडून इथं आलो. शिवांगी तिथंच रडली. मी पर्समधून तिला रुमाल काढून दिला.

तुकडे मी खोक्यात घालून माळ्यावर टाकलेत. किटली तपासायला दिली आहे, असं त्यांना सांगते, आणि ते रोज विचारतात, अहवाल आला का? श्रीपादला दाखवायचाय. नातीचं नाव चुकतं, जेवलो की नाही ते चुकतं, पण तुझ्याशी झालेलं भांडण मात्र शब्दन्‌शब्द आठवतं. डॉक्टर म्हणाले, हेही जाईल, कधी ते सांगता येत नाही.

श्रीपाद, तू खरा होतास. त्या सकाळी तापलेल्या किटलीला आलेल्या पॉलिशच्या वासानंतर मला शंकाच उरली नाही. हे मी माझ्या हातानं लिहून देते, हवं तर फ्रेम करून लाव. पण पुढच्या आठवड्यात भाऊबीज आहे. तू ये. येताना एका कोऱ्या कागदावर छापून आण, की किटली एकोणीसशे साठचीच आहे, आणि त्यांच्यासमोर, शेजाऱ्यांना बोलावून, म्हण की मी हरलो. तुला खोटं बोलवत नाही, लहानपणापासून ठाऊक आहे मला. तरी बोल. पुढच्या वर्षी तू कोण हेच त्यांना आठवलं नाही, तर ते जिंकणार तरी कोणाशी?

तुझीच,
शुभाताई