सोलरवाला बोया नको

वेसावे, मंगळवार

दत्ताराम,

तुला बॅटऱ्या दुरुस्त करता येतात म्हणून बहिणीच्या संसारात लुडबुडायलाच हवं का रे? रविवारी माझ्याच घरी सुरमईचं कालवण ओरपलंस आणि उठता उठता तुझ्या भावजींच्या डोक्यात सोलरवाल्या बोयाचं खूळ भरून गेलास! बरं, विचारायचं राहिलं. तू बरा ना? तुझ्या बायकोचा गुडघा? (फोनवर विचारलं असतं, पण तू "ताई, गिऱ्हाईक आहे" म्हणून ठेवतोस. म्हणून ही चिठ्ठी. शेजारची राधा विक्रोळीला येतेय, तिच्या हातून देते.)

जाळं तरंगत ठेवणाऱ्या बोयांवरची ती दोन यंत्रं, जाळं कुठे वाहत गेलं ते बोटीच्या स्क्रीनवर दाखवणारी, पाणी लागलं की आपोआप चालू होतात, हे मला कोणी सांगितलं होतं? गेल्या महिन्यात चार्जिंगला घरी आणली तेव्हा असा वास मारत होती, की मी दोन्ही साबणाच्या पाण्यात टबात भिजत घातली. तासाभरात हे बंदरावरून धापा टाकत हजर, मागे सगळे खलाशी. स्क्रीनवर म्हणे आपलं जाळं थेट गल्लीत पसरलेलं! एकाने विचारलं, "वहिनी, गटारात काय लागलं?" म्हटलं, "बोंबील. तुझ्याच तोंडाचे." (बॅटऱ्या उतरल्या, बोट खोळंबली, ते वेगळंच.)

तेव्हापासून यंत्रं माझ्या हवाली करत नाहीत. टीव्हीमागे प्लगला लावतात आणि लाल दिवा हिरवा होईस्तोवर समोर राखणीला बसतात. जेवतात, एक डुलकी काढतात. तासाला दोन वाक्यं बोलतात, त्यातलं एक यंत्राशी. आता तुझा सोलर आला की सगळं उन्हातच चार्ज होणार. बर्फ भरा, डिझेल भरा, बंदरावरूनच परत जा. घरी यायचं कारणच काय? तुझा भाचा निलेश पुण्याला गेल्यापासून मी टीव्हीला उलट उत्तरं देत बसते. तोसुद्धा ऐकत नाही.

तुझी ताई,
शेवंती

ता.क. सोलर भंगार आहे म्हणून सांग त्यांना. ढगात चालत नाही म्हण, वर पक्षी घाण करतात म्हण, काहीही म्हण. तुझं ऐकतात.

ता.क. दुसरं. खऱ्या चार्जरने यंत्राचं चार्जिंग तीन तासांत होतं. मी निलेशच्या जुन्या मोबाइलचा लावून ठेवलाय, त्याने सात लागतात. तुझ्याकडे बॅटरी तपासायला आणली तर म्हातारी झालीय म्हण. बोट शनिवारी सकाळी लागते. सांगणार की नाही, ते मला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव.