भुवयांच्या मधोमध

सोमवार, ५ ऑगस्ट

शाळेतून बोलावणं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुमची मुलगी उत्तरं बरोबर देते, पण खिडकीला! वर्गबाईंनी विचारायचं आणि ऐकायचं खिडकीने. महिनाअखेरीस मुख्याध्यापिका स्वतः तिच्याशी बोलणार, मग ठरवणार — याच वर्गात ठेवायची की व्हरांड्याच्या टोकाच्या वेगळ्या खोलीत पाठवायची. तोवर घरी सराव घ्या म्हणाल्या.

खोली वाईट नाही, बघून आले. पण तिथे हिच्या बाकावरची ती दोन वेण्यांवाली नाही. हिच्या लिफ्टच्या गोष्टी कंटाळा न करता ऐकणारी जगात ती एकच पोर. तिच्याआधी होते ते हिचे बाबा, आणि ते तर लिफ्टच दुरुस्त करायचे.

घरी आले तर आमच्या तपासनीस मॅडम, म्हणजे हीच पोर, माझ्याकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या बँकेतल्या बाईंना सांगत होत्या, मागच्या खेपेपेक्षा तुमची कंबर दीड इंच वाढली. बाई हसल्या. म्हणजे दात दाखवले.

गुरुवार, ८ ऑगस्ट

वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणलं. शाळा सातवीत सुटली, वाचायची खोड तेवढी सुटली नाही. पुस्तक म्हणतं, बोलताना मुलाला डोळ्यांत बघायची सवय लावा. लिहिणाऱ्याला मुलं असतील असं वाटत नाही.

सराव केला. मी म्हटलं, माझ्याकडे बघ आणि दिवसभर काय झालं ते सांग. तिने विचारलं, "बघू की सांगू? एक काय ते ठरव."

पुस्तकात याचं उत्तर नाही. शेवटच्या पानापर्यंत शोधलं.

मंगळवार, १३ ऑगस्ट

बघते. पण पापणी न हलवता! पडदेवाले काका माप द्यायला आले होते, माप न देताच गेले.

रविवार, १८ ऑगस्ट

युक्ती सुचली. डोळ्यांत नको, दोन भुवयांच्या मधोमध बघ. समोरच्याला कळत नाही. तिला पटलं. मधोमध म्हणजे नेमकं कुठे, म्हणून माझ्या कपाळावर कापडाच्या खडूने खूण करून घेतली. तशीच भाजी आणायला गेले. कोणी काही बोललं नाही, मेले सगळे सभ्य.

दुपारी नणंदबाईंचा फोन. मी लाडावून ठेवलंय म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "वहिनी, राग मानू नकोस, पण दादा गेला त्या दिवशीही या पोरीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तिला आतून काही होतं तरी का?"

मी म्हटलं, दूध उतू जातंय. फोन ठेवला. दूध नव्हतंच गॅसवर.

मलाही कधीकधी तेच वाटतं. हे गेल्यापासून तिने बाबा हा शब्द काढलेला नाही. इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार.

गुरुवार, २९ ऑगस्ट

झाली एकदाची भेट! आमच्या मॅडम ताठ बसल्या. प्रत्येक उत्तर भुवयांच्या मधोमध. मुख्याध्यापिका खूश, मी मनात पेढे वाटायला निघाले. शेवटी त्यांनी विचारलं, तुला काही सांगायचंय का?

शिंपिणीचीच पोर. म्हणाली, "तुमची डावी भुवई पाव इंच वर आहे. आई पँटची लांबी सारखी करते, पण भुवया नाही येत तिला."

वर्गबाईंना ठसका लागला. मुख्याध्यापिकांनी आधी भुवईला हात लावला, मग हसल्या. खरंखुरं. म्हणाल्या, राहू दे याच वर्गात, फक्त हा सराव असाच चालू ठेवा.

जिंकलो! वाटेत तिला म्हटलं, काय हवं ते माग. घरी आल्यावर कापायच्या टेबलाखाली गेली, पडद्याचं कापड अंगावर ओढून घेतलं. जेवण तसंच राहिलं.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

सकाळीही टेबलाखालीच. मीही गेले, गुडघे कुरकुरले. म्हटलं, सराव बंद. कुठे हवं तिथे बघून बोल.

ती शिलाई मशीनच्या पायट्याकडे बघत होती. मग त्यालाच सांगितल्यासारखं म्हणाली, "तुझ्या डोळ्यांत बघितलं की बाबा नाहीत ते दिसतं. दर वेळी. मग मला बोलताच येत नाही."

मीही पायट्याकडे बघितलं. तिथे बघत आम्ही दोघी दुपारपर्यंत बाबांबद्दल बोललो.

सोमवारी शाळेत सांगणार आहे, सराव बंद. उत्तर खिडकीलाच मिळेल.