बिनअक्षरांची दोन पानं

सर, तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हांला एक ओळ लिहिली नाही आणि आज बसले आहे ती अडचण आली म्हणून. माणूस असंच असतं, असं तुम्हीच म्हणायचात. जिल्ह्यातल्या शाळांच्या वाचनपेट्यांत कोणती चित्रकथांची पुस्तकं आणि कोणती चित्रचरित्रं ठेवावीत, त्याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं आहे. प्रत्येक नावापुढे दोन ओळी लिहायच्या: कोणत्या वयाच्या मुलांना द्यावं आणि का. अकरा पुस्तकांचं लिहून झालं. बारावं ते आहे, डॉक्टरीणबाईंचं चित्रचरित्र. त्याची नवी आवृत्ती निघाली आहे, मुखपृष्ठ बदललंय, आत सगळं तेच म्हणे. ते यादीत घालावं की गाळावं, हे मला चार दिवस ठरवता येत नाही, आणि यादी उद्या द्यायची आहे.

आर्णीच्या वाचनालयात तुमच्या हाताखाली आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. ग्रंथालयाचा कोर्स नुकताच झालेला, त्यामुळे नाकावर माशी बसू देत नव्हते. कार्यकारिणीतले वकीलसाहेब आले की दाराजवळच्या खालच्या दोन खणांकडे बघून म्हणायचे, "हे चित्रं कायले भरून राह्यले तुम्ही? वाचनालय हाय का बालवाडी?" तुम्ही हसायचात आणि पुढच्या खरेदीत आणखी चार चित्रांची पुस्तकं मागवायचात. ते खण खालचे का, तर पोरांचा हात पोचला पाहिजे. कोणी वाद घातलाच, तर तुम्ही एवढंच म्हणायचात, "ज्याले अक्षराचं भेव वाटते, त्याले कोठून तरी आत येऊ द्या."

तुमचे नियम दोनच होते. पहिला, स्वतः शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पोराच्या हातात पुस्तक द्यायचं नाही. दुसरा मला अगदी आगाऊपणाचा वाटायचा. चित्रांचं पुस्तक देताना तुम्ही शिक्का हातात धरून विचारायचात, "घरी कोण कोण हाय?" पोरं सांगत बसायची. आजी आहे, लहान भाऊ आहे, आत्या परत आली आहे. मागे रांग लागायची आणि मी चरफडायची. एकदा मी म्हटलंच, की सर, आपण पुस्तक देतोय, रेशनकार्ड नाही. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "अक्षराचं पुस्तक एकटा मानूस वाचते. चित्राचं पुस्तक सारं घर वाचते. ज्याले वाचता येत नाई, तो तं आधी वाचते." मला ते टाळीचं वाक्य वाटलं. मी ते वहीत लिहूनही ठेवलं. पाळलं मात्र नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. कोणत्या घरात काय झालं ते सगळ्या गावाला माहीत असायचं आणि त्याचं नाव कोणी घेत नसे. घरातल्या लहान पोरांना भलतंच सांगितलेलं असायचं. कुणाचा बाप छातीत दुखून गेलेला, कुणाचा वीज पडून. आपण रोज ज्या पोरांच्या कार्डांवर शिक्के मारत होतो, त्यांतल्या किती जणांच्या घरी असं काही सांगितलेलं होतं, ते तुम्ही विचारून विचारून डोक्यात ठेवत होतात. मला वाटायचं, म्हाताऱ्याला चौकशा हव्यात.

तो शनिवार होता. तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला यवतमाळला गेला होतात. सकाळची शाळा सुटल्यावर सातवीतली एक मुलगी आली, जवळच्या खेड्यातली, दोन वेण्या, दप्तर पोटाशी धरलेलं. म्हणाली, "मॅडम, खऱ्या बाईची गोष्ट द्या ना. पण चित्रवाली. अन् मोठी." डॉक्टरीणबाईंचं पुस्तक दोनच दिवसांपूर्वी पार्सलातून निघालं होतं. मी पहिली वीस पानं चाळली. खेड्यातली मुलगी, तिची शाळा, तिचं नदी ओलांडून जाणं. मुखपृष्ठावर तीच मोठी झालेली, अंगात पांढरा कोट. मला वाटलं, हिच्यासाठीच काढलंय जणू. मी शिक्का मारला. घरी कोण कोण आहे, ते विचारलं नाही. पुढची पानं पाहिली नाहीत. चित्रांचं तर पुस्तक, त्यात वाचायचं काय, असं वकीलसाहेबांसारखं मलाही कुठेतरी वाटत असणार.

पुस्तकाच्या मध्यावर त्या गोष्टीतल्या मुलीचा बाप शेतात फवारणीचं औषध पितो. समोरासमोरची दोन पानं, सहा चौकटी आणि एकही अक्षर नाही.

चार दिवसांनी, पुस्तक नेलेल्या मुलीचे आजोबा आले. तुम्ही आदल्याच दिवशी परतला होतात, डोळ्यावर हिरवं झापड होतं. आजोबांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"हे कोनं देल्लं?"

मी उठायच्या आत तुम्ही म्हणालात, "मी देल्लं."

"लहानी नात चार रोजापासून बोलून नाई राह्यली, गुरुजी. जेवत नाई. तिले आमी सांगतलं होतं, तुया बापाले साप चावला. सहा वर्साची हाय ते, वाचता येत नाई तिले. पन हे पायलं तिनं." त्यांनी त्या दोन पानांवर हात ठेवला. हात काढायला त्यांना वेळ लागला.

ते गेल्यावर तुम्ही मला रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "तू पुरं वाचलं होतं ना?" आणि मी म्हणाले, "हो सर. विचार करूनच दिलं." उचलली जीभ, लावली टाळ्याला. तुम्ही मान हलवलीत आणि तुमचा चेहरा जरा सैल झाला. ते मला दिसलं, म्हणून मग मी ते बोलणं मागे घेतलं नाही.

कार्यकारिणीची बैठक बसली. वकीलसाहेबांना आयतंच सापडलं होतं. तुम्ही उभे राहून म्हणालात, "आमच्या बाईनं वाचून, इचार करून देल्लं. ते पुस्तक वाईट नाई. भूल झाली ते माही. घरात कोन हाय हे इचारायची सवय मी तिले लावली नाई." मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत होते. तुमचं हे बोलणं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, अजून त्या वहीत आहे. मग चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची ती झालीच. खालच्या दोन खणांना दार बसवलं, कुलूप लावलं आणि किल्ली चिटणीसांकडे गेली. ते एक पुस्तक तेवढं तुमच्या पिशवीत राहिलं.

ते घेऊन तुम्ही ओळीने तीन रविवार त्या खेड्यात गेलात. चौथ्या रविवारी मला म्हणालात, चल. अंगणात सरपणाला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचलेल्या होत्या. आई ओसरीत सुपात तूर पाखडत होती. लहानी बाजेच्या पायाला टेकून बसलेली. तुम्ही तिच्याशेजारी जमिनीवर बसलात आणि पुस्तक त्या दोन पानांवर उघडून ठेवलंत. मग बोट न लावता विचारलंत, "हा मानूस कोठी हाय?"

"वावरात."

"काय करून राह्यला?"

ती चौकटीवरून बोट फिरवू लागली. तुम्ही घाई केली नाहीत. मग ती म्हणाली, "बाबाबी असेच बसले होते. मी डबा घेऊन गेलती. मले म्हने, डबा ठेव अन् घरी जाय. आईले सांगू नको."

सूप थांबलं.

"मंग तू काय केलं?"

"घरी आली. आईले नाई सांगतलं."

"बापानं जाय म्हटलं, तू गेली," तुम्ही म्हणालात. "सहा वर्साच्या पोरीनं अजून काय करा लागते? तुयं काईच चुकलं नाई, माय."

आईने तिला ओढून मांडीवर घेतलं. तुमच्याकडे न बघता ती म्हणाली, "आमी तिच्यापासून लपवून राह्यलो, अन् ते आमच्यापासून." तुम्ही पान उलटलंत आणि पुढची गोष्ट त्या दोघींना वाचून दाखवायला लागलात. मला तिथे बसवेना. पाणी पिते म्हणून मी उठले आणि हापशीवर जाऊन उभी राहिले. तिथे मोठी होती, घागर भरून झाली तरी हापसत होती. पाणी वाहून चाललं होतं. मला म्हणाली, "मॅडम, मीच आनलं ना ते पुस्तक." मी म्हटलं, नाही गं, असं नसतं. एवढंच. लहानीजवळ तुम्ही चार रविवार बसलात, हिच्याजवळ कोणी बसलं नाही. ती पुन्हा वाचनालयात आली नाही. दिवाळीनंतर तिची शाळाही सुटली, आई तिला वेचणीला नेऊ लागली. हे तुम्हांला मी कळू दिलं नाही.

परतताना एसटीची वाट पाहत आपण रस्त्याच्या कडेला बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "पुस्तक बराबर होतं, पोरी. तू वाचून देल्लं म्हनून मले त्या लोकायपुढं बोलता आलं. नाई तं कोन्या तोंडानं बोललो असतो?" तेव्हा सांगायला हवं होतं. गाडी यायला चांगला अर्धा तास लागला, आसपास कोणी नव्हतं. मी गाडीला आज उशीरच झाला म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, तेव्हा त्या खणांना कुलूप होतंच. ते मी काढलं, पण तीन वर्षांनी, कार्यकारिणी बदलल्यावर. तुमच्या खुर्चीवर बसले. आता मला शिक्षकांच्या शिबिरांना बोलावतात, मुलांना चित्रांची पुस्तकं कशी सुचवावीत यावर बोलायला. मी हीच हकीकत सांगते. चित्राचं पुस्तक सारं घर वाचतं हे तुमचं वाक्य सांगते, लहानीचं सांगते. आणि ते पुस्तक मी कसं विचार करून दिलं होतं, तेही सांगते. तुम्ही बैठकीत बोललात तसंच, तुमच्याच शब्दांत. कोणी ना कोणी डोळे पुसतं. हापशीवरचं मी कधी सांगितलं नाही.

काल त्या पुस्तकापुढे मी दोन ओळी लिहिल्या होत्या: वय बारा आणि पुढे, दुःखातून उभं राहण्याची गोष्ट, मोठ्यांनी सोबत बसून वाचावी. सुरेख ओळी होत्या. मग त्या खोडल्या. हे पत्र मी कुणाला पाठवणार, आणि तुम्ही असतात तरी पाठवलं असतं का, ते मला सांगता येत नाही. सर, दुःखातून उभं राहण्याची गोष्ट हे मी अंदाजाने लिहिलं होतं. गेल्या चार दिवसांत मी ती नवी प्रत तीनदा पहिल्यापासून वाचायला घेतली, आणि तिन्ही वेळा त्या दोन पानांशी येऊन मिटली. त्यांच्यापुढे मी अजून गेलेले नाही. ती मुलगी पुढे डॉक्टर कशी झाली, ते मला आजही माहीत नाही.